परदेशी उच्च शिक्षण : प्रवेश मिळतो तो कशाच्या जोरावर?

२०१८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. दुपारी तीनच्या उन्हात एक शेतकरी गृहस्थ घरी आले. बरोबर मुलगा. मुलगा माझ्या ओळखीचा. मी त्या वेळी ज्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र शिकवीत होतो, तेथूनच तो नुकता बी.एस्सी. झाला होता. वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तिच्यातून सातबाराचा उतारा, आठ-अ आणि इंग्रजीत छापलेले दोन-तीन कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

“सर, पोराचं अमेरिकेत काम झालं म्हणतेत,” ते म्हणाले. “एजंट म्हणतोय, पंधरा दिवसांत पैशाची सोय दाखवा. वरचं दोन एकर काढावं का, तेवढं सांगा.”

कागद मी दोनदा वाचले. त्यांत खोटे काही नव्हते. एका अमेरिकन विद्यापीठाने मुलाला एम.एस.साठी खरोखरच प्रवेश दिला होता. पैशाबद्दल मात्र त्यात एकच ओळ होती : सर्व खर्च विद्यार्थ्याने स्वतः करावयाचा. फी, राहणे, जेवण, विमा असा दोन वर्षांचा हिशेब मांडला, तर तो पन्नास लाखांच्या पुढे जात होता. वरचे दोन एकर विकून त्याचा निम्मा भागही उभा राहणार नव्हता. बँकेचे कर्ज म्हणावे, तर मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात. २००२ सालच्या ज्या कायद्याने बँकेला थकलेल्या कर्जापोटी कोर्टाची पायरी न चढता मालमत्ता ताब्यात घेता येते, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही, हे त्याचे कारण. मग उरतो सावकार.

‘काढू नका,’ एवढेच मी त्यांना आधी सांगितले. का काढू नये, ते सांगता सांगता दिवेलागण झाली. त्या दिवशी जे बोललो ते, आणि पुढे त्या मुलाचे काय झाले ते, आज येथे लिहीत आहे. कारण अशी पिशवी घेऊन हिंडणारे आईबाप आता गावोगाव दिसू लागले आहेत.

वाचकहो, पहिली गोष्ट ही की, तिकडचा प्रवेश दोन तऱ्हांचा असतो. एका तऱ्हेत विद्यापीठ तुमच्याकडून पैसे घेते. दुसरीत ते तुमच्या मुलाला पैसे देते. कागद दोन्हींचा सारखाच दिसतो, शिक्का तोच, अभिनंदनाचे शब्दही तेच. दुसऱ्या तऱ्हेच्या प्रवेशाला ‘असिस्टंटशिप’ जोडलेली असते. म्हणजे मुलाने आठवड्याला साधारण वीस तास प्राध्यापकाच्या संशोधनात किंवा शिकवण्यात हातभार लावायचा. त्याबदली फीचा बहुतेक भाग माफ आणि वर महिन्याला पगार. त्या पगारात काटकसरीने राहता येते. शेतीच्या विषयांत पीएच.डी.चा प्रवेश बहुधा असाच असतो. एम.एस.चे तसे नाही. प्रबंध लिहून करावयाच्या एम.एस.ला असिस्टंटशिप मिळण्याची शक्यता चांगली असते. प्रबंधाविना, नुसते वर्ग करून पुरे होणाऱ्या एम.एस.ला सहसा नसतेच. त्या मुलाला मिळालेला प्रवेश या शेवटच्या प्रकारातला होता. त्या प्रकारात जागा पुष्कळ असतात, आणि काही विद्यापीठे एजंटाला विद्यार्थ्यामागे कमिशनही देतात. एजंटाच्या मुलाखतीत असिस्टंटशिप हा शब्द क्वचितच का निघतो, ते यावरून कळावे.

आता खरा प्रश्न. हा दुसरा, पैसे मिळवून देणारा प्रवेश कशावर मिळतो?

आपल्याकडे एम.एस्सी. कृषीचा प्रवेश म्हणजे सामाईक परीक्षा, तिचे गुण, पदवीचे गुण आणि मग गुणवत्ता यादी. यादीत वर नाव तर राहुरी, नाही तर अकोला, परभणी, दापोली. ही रीत रूक्ष असली तरी तिचा एक मोठा गुण आहे : तिथे वशिला चालत नाही. आमची सगळी हयात या यादीत गेली, त्यामुळे आपल्याला वाटते की अमेरिकेतही अशीच एखादी मोठी यादी असणार आणि नव्वद टक्केवाला ऐंशीवाल्याच्या आधी लागणार. तिकडे अशी यादीच नसते. अर्ज त्या-त्या विभागाकडे जातो. तिथले तीन-चार प्राध्यापक तो वाचतात, आणि कृषी विभागांत तर बहुतेक ठिकाणी रीत अशी की, ‘हा विद्यार्थी मी माझ्याकडे घेतो’ असे एखाद्या प्राध्यापकाने म्हटल्याशिवाय प्रवेशच होत नाही.

हे असे का, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. १८६२ साली, तिकडे यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्याचे वॉशिंग्टनच्या संसदेत जितके सदस्य, तितक्या गुणिले तीस हजार एकर सरकारी जमीन त्या राज्याला द्यायची, आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे काढायची, असा तो कायदा. (ही ‘सरकारी’ जमीन मुळात तिथल्या आदिवासींकडून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे.) पुढे १८८७ च्या हॅच कायद्याने या कॉलेजांना शेती प्रयोग केंद्रे जोडली गेली. आपल्याकडे १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते याच धर्तीवर, आणि महाराष्ट्रातली चारही विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात तशीच उभी राहिली. सहामाही सत्रे आणि गुणांक ही पद्धत आपल्या कॉलेजांत आली ती तिकडूनच.

तेव्हा तिथला प्राध्यापक हा नुसता मास्तर नसतो. त्याच्या अंगावर संशोधनाचा प्रकल्प असतो. पैसा केंद्र सरकारचा, राज्याचा, कधी शेतकऱ्यांचा स्वतःचाही. सोयाबीन विकणारा तिथला शेतकरी शंभर डॉलरच्या विक्रीमागे अर्धा डॉलर एका निधीत भरतो, आणि त्यातून सोयाबीनवरच्या संशोधनाला पैसे मिळतात. ही पद्धत देशभर १९९१ पासून चालू आहे. असा पैसा घेतला की तीन वर्षांत काही करून दाखवावे लागते. त्यासाठी प्राध्यापकाला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे तुमचा-आमचा मुलगा किंवा मुलगी.

मी त्या गृहस्थांना विचारले, “दादा, पाडव्याला सालगडी ठेवता तेव्हा काय बघता?”

ते हसले. “बघायचं काय? आधी ज्याच्याकडं होता त्याला विचारतो. रात्री बैलाला वैरण टाकायला उठतो का. औत मोडलं तर सांगतो का झाकून ठिवतो.”

शिक्षणाला सालगड्याची उपमा दिली म्हणून कोणी रागावू नये. पण प्राध्यापक जे बघतो ते नेमके हेच असते. हजारो मैलांवरचा, कधी न पाहिलेला माणूस तीन ते पाच वर्षांसाठी आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचा आहे. गुणपत्रिका सांगते की त्याला परीक्षा देता येते. प्रयोग फसला तर तो काय करील, हे गुणपत्रिका सांगत नाही. ते सांगू शकतो फक्त तो माणूस, ज्याने त्याला काम करताना पाहिले आहे. म्हणून प्रत्येक अर्जाबरोबर अशा तीन माणसांची पत्रे मागतात. माझ्या अनुभवात पारडे फिरते ते या पत्रांनी.

येथे आपल्या भाषेनेच आपला घात केला आहे. त्या पत्राला आपण ‘शिफारसपत्र’ म्हणतो. आता शिफारस म्हटली की खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? पुढाऱ्याची चिठ्ठी. एका पालकांनी खरोखरच आमदारांच्या लेटरहेडवर मुलाची थोरवी टंकलिखित करून आणली होती आणि ‘हे पण जोडा’ म्हणून मला गळ घातली होती. आमदार बिचारे त्या मुलाला कधी भेटलेही नव्हते. तिकडे अशा पत्राची किंमत शून्य. उलट अर्ज करणाऱ्याला काही कळत नाही, असा समज व्हायचा. ते पत्र म्हणजे साक्ष आहे. साक्षीदाराने पाहिलेले सांगायचे असते, आणि तो कितीही मोठा असला तरी घटनेच्या जागी हजर नसेल तर त्याचा उपयोग नाही.

‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचे १९८१ सालचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचीच गोष्ट पाहा. गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा. कॅन्सस राज्यातल्या हायलंड येथील कॉलेजाने त्याला पत्राने प्रवेश दिला, आणि तो दारात उभा राहिल्यावर, काळा आहे म्हणून परत पाठविला. पुढे १८९० साली आयोवा राज्यात सिम्प्सन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. एटा बड नावाच्या त्याच्या चित्रकलेच्या बाई होत्या. मुलगा फुले-झाडे नुसती रंगवीत नाही, त्याला त्यांची जाण आहे, हे बाईंनी पाहिले. त्यांचे वडील एम्स येथील शेती कॉलेजात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंनी कार्व्हरला तिकडे जाण्याचा आग्रह धरला आणि १८९१ साली तो तिथे दाखल झाला. त्या कॉलेजातला तो पहिला काळा विद्यार्थी. १८९४ साली पदवी मिळाल्यावर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पॅमेल यांनी त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी आपल्याकडेच ठेवून घेतला आणि काचगृहाचे काम त्याच्याकडे सोपविले. शिकायचे, काम करायचे आणि पगार घ्यायचा, ही आजची असिस्टंटशिपच म्हणा ना. १८९६ साली तो एम.एस. झाला आणि टस्कीजीला गेला. पुढची भुईमुगाची कथा सर्वांना ठाऊक आहे. हायलंडला कागद पाहिला गेला आणि मग कातडी पाहिली गेली. एम्सला त्याचे काम पाहिलेल्या माणसाचा शब्द आधी पोचला होता.

हे शहाणपण मला पहिल्यापासून होते असे नाही. २००९ साली माझ्याच हाताखाली एम.एस्सी. केलेल्या एका मुलीने पीएच.डी.साठी चार ठिकाणी अर्ज केले. पत्र मागायला ती आली तेव्हा परीक्षांचे दिवस होते. ऑफिसात एक साचा होता : ‘मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक, मनमिळाऊ.’ त्यात तिचे नाव घालून मी सही केली. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, पैसा कुठेच नाही. घरची चार एकर कोरडवाहू. जाणे झाले नाही. तिकडे शिकविणाऱ्या एका परिचिताशी पुढे बोलणे झाले, तेव्हा त्याने मला स्पष्ट सांगितले की, असे पत्र वाचले की तिकडचा माणूस समजतो, या गुरूला या विद्यार्थ्याबद्दल काहीच माहीत नाही. आणि ‘आज्ञाधारक’ म्हणजे तर स्वतःचे डोके न चालविणारा.

मला माहीत नव्हते असे थोडेच होते? त्या वर्षी आमच्याकडे दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडे आणि जपून ठेवलेल्या बुरशीच्या नळ्या खराब होत. या मुलीने कुठेतरी वाचून काढले की, बुरशी निर्जंतुक पाण्यात ठेवली तर फ्रीजशिवाय टिकते. कोणी सांगितले नसता तिने छोट्या बाटल्या उकळून आपल्या सगळ्या बुरशी त्यांत उतरवून ठेवल्या. उन्हाळा संपला तेव्हा विभागातल्या इतरांचे निम्मे नमुने मेले होते. तिचे जिवंत होते. एवढे चार ओळींत लिहिले असते तर काय झाले असते, सांगता येत नाही. मी लिहिले नाही, एवढे मात्र खरे. ती आज सरकारी खात्यात चांगल्या जागेवर आहे. भेटली की वाकून नमस्कार करते, आणि मला ओशाळे व्हायला होते.

कॉलेजांतून आणखी एक वाईट चाल पडली आहे. गुरुजी म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मुलगा तीन गुरुजींची तीन पत्रे एकाच रात्री लिहितो. वाचणारा प्राध्यापक काही दुधखुळा नसतो. तिन्ही पत्रांत तीच वळणे, त्याच चुका दिसल्या की तो काय समजायचे ते समजतो. आता तर संगणकाकडून गुळगुळीत पत्रे लिहून घेतात. सगळी एकाच साच्यातली. शिवाय नियमाप्रमाणे पत्र गुरूने विद्यापीठाकडे परस्पर पाठवायचे असते. ते पाहण्याचा आपला हक्क सोडतो, असे बहुतेक मुले अर्जात लिहून देतात. तसे लिहून द्यावेच. मुलाच्या नजरेआड लिहिलेल्या साक्षीला वजन असते.

मग गुणांना काही किंमत नाही का? आहे. चारपैकी तीन गुणांक ही बहुतेक विद्यापीठांची खालची मर्यादा असते, आणि आपल्या दहापैकीच्या गुणांचा हिशेब ते आपल्या पद्धतीने करतात. त्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलेच पाहिजे. जी.आर.ई. नावाची परीक्षा पूर्वी बहुतेक ठिकाणी लागे. २०२० च्या साथीनंतर अनेक विभागांनी ती मागणे सोडून दिले. इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागते आणि तिची फी अंगाला लागते, म्हणून ती पुरत्या तयारीनेच द्यावी. पण उंबरा ओलांडल्यावर पाच-दहा गुणांच्या फरकाने तिकडे फारसे अडत नाही.

नॉर्मन बोरलॉग यांचे उदाहरण द्यायला मला नेहमी आवडते. आयोवातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९३३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. त्याला तिथल्याच ‘जनरल कॉलेज’ नावाच्या दुय्यम शाखेत घेतले. गडी कुस्तीत तरबेज होता, हे आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगतो. वनशास्त्राची पदवी घेतल्यावर वनखात्यात ठरलेली नोकरी पैशाअभावी गेली. त्याच सुमारास त्याने प्राध्यापक स्टॅकमन यांचे गव्हावरच्या तांबेऱ्यावरील व्याख्यान ऐकले आणि त्यांच्याकडे जाऊन शिकायचे ठरविले. स्टॅकमननी त्याला घेतले. १९४२ साली तो पीएच.डी. झाला. त्याने मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बी १९६६ साली भारताने आणले. १९७० साली त्याला शांततेचे नोबेल मिळाले. प्रवेश परीक्षेच्या कागदावर स्टॅकमन अडून बसले असते तर काय, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पत्रांच्या खालोखाल महत्त्वाचे म्हणजे मुलाने स्वतः लिहायचे दोन पानांचे निवेदन. आपण काय शिकू इच्छितो आणि का, हे त्यात सांगायचे असते. आमची मुले सुरुवात करतात : ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. मला लहानपणापासून शेतीची आवड आहे.’ हे वाचून वाचून तिकडची माणसे कंटाळलेली असतात. शेतकऱ्याच्या मुलाकडे सांगण्यासारखे काही नसते, असे का समजायचे? या मुलाला मी विचारले, तुमच्या शेतात तुला न सुटलेले कोडे कोणते? तो म्हणाला, “वरच्या दोन एकरांत तूर दरवर्षी एका कोपऱ्यातच आधी वाळते. तिथं पाणी साचतं. पण खालच्या रानात पाणी साचतं, तिथं वाळत नाही.” मी म्हटले, हेच पहिले वाक्य. तुरीचा मर रोग जमिनीतल्या फ्युजेरियम नावाच्या बुरशीने होतो, आणि दोन रानांत फरक का पडतो, हा चांगल्या चांगल्यांना पुरेल असा प्रश्न आहे.

तर त्या संध्याकाळी असे ठरले की, या वर्षीचा प्रवेश सोडायचा. एजंटाला दिलेले पैसे बुडाले. ते बुडू दिले. मुलाने जूनपासून आमच्याकडच्या तुरीच्या प्रकल्पावर तुटपुंज्या रोजंदारीवर काम करायचे. वडिलांना ते पटले नव्हते. पोरगा पदवी घेऊन पुन्हा रोजंदारीवर, गाव काय म्हणेल? आईने मात्र सांगितले म्हणे, “गाव पैसे देणार हाय का?” आणि मुलगा कामावर आला.

मर रोगाच्या प्रयोगाला एक मुद्दाम रोगट राखलेले रान असते. तिथे दरवर्षी तूर घेऊन बुरशी जोपासलेली असते. त्यात नवे नवे वाण ओळीने लावतात, आणि मध्ये मध्ये हटकून मरणाऱ्या वाणाची ओळ घालतात. ती मेली की समजायचे रान पुरेसे रोगट आहे. मग तिच्या शेजारी जो तगला तो खरा. मुलाचे काम सकाळी सातला जाऊन प्रत्येक ओळीतली मेलेली झाडे मोजून वहीत लिहायचे. कंटाळवाणे काम. नोव्हेंबरात एके दिवशी तो वही घेऊन माझ्या खोलीत आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “सर, मरणारी ओळ हिरवी आहे आणि शेजारची गेली. निंदणीत खुंट्या उपटल्या होत्या, त्या लावताना माझ्याकडून दोन पाट्यांची अदलाबदल झाली असणार. मागची तीन आठवड्यांची नोंद चुकीची आहे.”

पेरणीचा नकाशा काढून ताडून पाहिले. त्याचे म्हणणे बरोबर होते. तो गप्प बसला असता तर कोणाला कळले नसते. एक चांगला वाण नापास आणि एक मरका वाण पास होऊन प्रयोग पुढे गेला असता. मी त्याला रागावलो. मग रात्री घरी बसून त्याचे पत्र लिहायला घेतले. पत्रात त्याच्या गुणांचा उल्लेख एका ओळीत आला. बाकी दीड पान त्या दोन पाट्यांवर होते, चूक त्याचीच होती या गोष्टीसकट. एका सहकाऱ्याला वाटले, मी पोराचे नुकसान करतो आहे.

उरलेली दोन पत्रे त्याने योग्य माणसांकडून घेतली : चौथ्या वर्षी कृषीदूत म्हणून ज्या गावात चार महिने काढले तिथले काम पाहणारे कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ, आणि मृदाशास्त्र शिकविणाऱ्या बाई, ज्यांच्या प्रयोगशाळेत त्याने वरच्या आणि खालच्या रानाची माती तपासली होती. पत्र मागायला निदान महिनाभर आधी जावे आणि आपण केलेल्या कामाची एक पानाची आठवण लिहून द्यावी. गुरुजींना शंभर विद्यार्थी असतात.

ज्यांच्या घरी या वर्षी हा विचार चालू आहे त्यांच्यासाठी वेळापत्रक सांगतो. तिकडचे वर्ष ऑगस्टात सुरू होते आणि अर्जाची मुदत बहुधा आधीच्या डिसेंबर-जानेवारीत संपते. त्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, प्राध्यापकांना ई-मेल करावी. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नये. आठ-दहा जण निवडावेत, प्रत्येकाचे एक-दोन लेख वाचावेत, आपला प्रश्न चार ओळींत मांडावा आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात काय, एवढे विचारावे. पुष्कळ जण उत्तर देत नाहीत. वाईट वाटून घेऊ नये. प्रत्येक अर्जाला पन्नास ते शंभर डॉलरच्या आसपास फी पडते, तेव्हा जिथून काही प्रतिसाद आला तिथेच अर्ज करणे बरे. पैशासह प्रवेश मिळाला तर उत्तर देण्यास बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधीच कोणी ‘आजच हो म्हणा’ अशी घाई करू लागला तर सावध व्हावे.

आणि हेही ध्यानात असू द्यावे की २०२५ साली अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली, काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आणि व्हिसाचे कामही अडखळले. चांगल्या मुलालाही नकार येऊ शकतो. त्यामुळे इकडच्या एम.एस्सी.ची तयारी सोडून तिकडे डोळे लावून बसू नये.

ज्यांना जमीनच नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि विमुक्त-भटक्यांबरोबरच भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे. अटी बदलत असतात. समाजकल्याण कार्यालयात जाऊन त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर.

त्या मुलाला २०१९ च्या फेब्रुवारीत मक्याच्या पट्ट्यातल्या एका विद्यापीठातून बोलावणे आले. संगणकावर समोरासमोर बोलायचे होते. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. इंग्रजी बोलताना तो दोनदा अडखळला. प्राध्यापकाने गुणांबद्दल काही विचारले नाही. त्याने विचारले, त्या दोन पाट्यांची चूक तुझ्या लक्षात कशी आली? मुलगा सांगू लागला आणि मग अडखळायचा थांबला. मार्चमध्ये पत्र आले : प्रबंधासह एम.एस., फी माफ, असिस्टंटशिप.

जायच्या आधी वडील पेढे घेऊन आले. विमानाच्या तिकिटासाठी त्यांनी एक बैलजोडी विकली होती, ते त्यांनी मला बऱ्याच उशिराने सांगितले. वरचे दोन एकर राहिले. त्या खरिपातही तिथे तूरच होती, आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ती पुन्हा वाळली. मुलाने जाताना त्या कोपऱ्यातली माती पिशवीत भरून घेतली होती. परदेशात माती नेता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे ठेवून गेला.